जेवता हात

दार नुसतं लोटलेलं होतं आणि वहाणा मी ओसरीवरच काढल्या होत्या, म्हणून माझ्या येण्याचा आवाज झाला नाही. एवढंच कारण. शाळेच्या कमिटीचे जुने मेंबर उकंडराव पहाटे वारले, दुसऱ्या तासाला हेडमास्तरांनी घसा खाकरून दोन शब्द सांगितले आणि शाळा सोडली. उकंडरावांचं मला जिवंतपणीही फारसं कौतुक नव्हतं, त्यामुळे ऊन चढायच्या आत घर गाठता आलं याचाच मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. माय मेहकरला तिच्या भावाकडे लग्नाला गेली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलो. कोकिळा, माझी बायको, माझ्याकडे पाठ करून जेवायला बसली होती. ताटात ज्वारीची भाकर, पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि ती डाव्या हातानं जेवत होती.

तुम्ही म्हणाल, मग झालं काय? दुसऱ्या एखाद्यानं 'काय गं हे' म्हणून तोंड वाकडं केलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. मी मात्र उंबऱ्यातच थबकलो. सात वर्षं झाली आमच्या लग्नाला. सात वर्षं ही बाई माझ्यासमोर, मायसमोर, पंगतीत, सणावाराला उजव्या हातानं जेवत आली. सावकाश, खालमानेनं, घासातला निम्मा घास ताटात सांडत. मी मनात म्हणायचो, तिच्या माहेरच्या, धाडकडच्या पोरींना जेवायचंसुद्धा वळण नाही. आणि आता तिचा डावा हात एकटाच भाकर मोडत होता, पिठल्यात बुडवत होता, तोंडाशी नेत होता, एक कण खाली पडत नव्हता. उजवा हात मांडीवर पालथा पडून होता, जणू त्याचं या जेवणाशी काही देणंघेणं नाही. तिचे खांदेसुद्धा मी कधी इतके सैल पाहिले नव्हते. त्याच क्षणी मला दोन बाटल्या आठवल्या. एक लाल दोऱ्याची, एक बिनदोऱ्याची.

त्या बाटल्यांबद्दल सांगायचं तर अडुळशापासून सांगावं लागेल. मी उंद्रीचा. आमच्याकडे शेताच्या बांधाला अडुळशाचं कुंपण असतं, कारण बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. खोकला झाला की त्याच्या पानांचा रस मधात घालून द्यायचा, हे पोरासोरांना ठाऊक. नागपूरला बी.एस्सी. करताना मला कळलं की त्या रसात एक सत्त्व असतं, ते वेगळं काढता येतं, आणि त्याचे खडेही पाडता येतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. पण बाप गेला, मायला सांभाळायचं होतं, म्हणून बुलढाण्याच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो आणि पोरांच्या फिरक्या घेत घेत त्यांना लिटमसचा कागद लाल-निळा करून दाखवत बसलो. नागपूरच्या माझ्या प्रोफेसरसाहेबांशी पत्रव्यवहार तेवढा तुटू दिला नाही. मी ते सत्त्व काढतो, आम्लात त्याचे क्षार करतो, हे सगळं त्यांना कळवत होतो. त्यांनी एकदा लिहिलं, 'शेषराव, तुम्ही ज्या रीतीनं ते उकळता त्यात त्या सत्त्वाच्या दोन्ही जाती तयार होत असणार, डावी आणि उजवी. त्या एकमेकींपासून अलग करून मला दाखवा. लढाईमुळे बाहेरून रसायनं येत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुठल्या उपायानं मलाही ते जमत नाही. तुम्हाला जमलं तर तुमची जागा शाळेत नाही, माझ्या प्रयोगशाळेत आहे.' ते पत्र मी शर्टाच्या खिशात घालून महिनाभर फिरलो. घामानं त्याची शाई पसरली. आयुष्यात मला हवं असलेलं एवढं एकच होतं, आणि ते कुणीतरी शाईनं लिहून दिलं होतं.

डावी जात आणि उजवी जात म्हणजे काय, ते मी वर्गात वहाणा काढून दाखवतो. एका जोडातल्या दोन वहाणा. चामडं तेच, टाके तेवढेच, वजन सारखं, पण डाव्या पायातली उजव्यात घाला बरं. त्या सत्त्वाचे कण तसेच असतात. पाण्यात ते एकमेकांत मिसळलेले असतात तोवर कुणाच्या बापाला ओळखू येत नाहीत. पण कधी कधी, फार क्वचित, खडे पडताना डावे डाव्यांपाशी जातात आणि उजवे उजव्यांपाशी, आणि मग खड्याच्या तोंडावरच खूण उमटते, एका कोपऱ्याला बारीक कापल्यासारखा पैलू. एका जातीत तो या बाजूला, दुसरीत त्या बाजूला. एका फ्रेंच माणसानं शंभर वर्षांमागं असेच खडे भिंगाखाली चिमट्यानं निवडले होते. त्यालाही ते थंडीतच जमलं होतं. आणि थंडी तर आमच्या बुलढाण्याला देवानं हातचं न राखता दिलेली. वऱ्हाडातले साहेबलोक उन्हाळा काढायला इथं येत, त्याच गावात पौषातल्या कडाक्याच्या थंडीनं माझ्या बशीत खडे पडले. ज्वारीच्या दाण्याएवढे, स्वच्छ, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्याला पैलू. मायनं बशीत डोकावून खडीसाखर का म्हणून विचारलं. मी तिचा हात धरून बशीपासून दूर केला आणि खुळ्यासारखा हसत सुटलो.

निवडायचं काम जिकिरीचं होतं. ऊन तापायच्या आत करावं लागे, नाहीतर खडे पाझरायला लागत. सकाळी शाळेच्या आधी मी बसायचो, मी शाळेत गेलो की तासभर कोकिळा. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले. डाळीतला खडा ती न बघता काढते. पहिल्या दिवशी मी तिला भिंग दिलं, पैलू दाखवला आणि म्हणालो, हा उजव्या अंगाला असला तर लाल दोऱ्याच्या बाटलीत, डाव्या अंगाला असला तर दुसऱ्या. तिनं मान हलवली. पण चिमटा उचलून ती थांबली. आपल्या दोन्ही हातांकडे तिनं पाहिलं, एकदा या, एकदा त्या, आणि कावरीबावरी झाली. पहिल्या चारही खड्यांना तसंच. उजवा म्हटलं की तिचा जीव घोटाळायचा. मला तेव्हा राग आला नाही, उलट कौतुक वाटलं ते स्वतःचं. सात वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. पोराला ज्या शब्दानं समजतं तो शब्द वापरावा, हे मी नव्या मास्तरांना ऐकवत असतो. मी म्हणालो, "उजवा-डावा सोड. तुह्या जेवत्या हाताच्या अंगाले असला तर लाल दोरा. आता समजलं?" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. हाव म्हणाली. मग एकदाही अडली नाही. बाटल्यांत भरायच्या आधी तिनं खडे दोन वाट्यांत निवडून ठेवले होते, त्या वाट्या मी संध्याकाळी भिंगाखाली पाहिल्या. एका वाटीत सगळे एका तोंडाचे, दुसरीत सगळे दुसऱ्या. एकही चूक नव्हती. मी शाब्बास म्हटलं, आणि कुठली वाटी कुठल्या बाटलीत रिकामी करते ते पाहिलं नाही. पाहायचं कशाला? जेवता हात तर जगात एकच असतो.

अकरा दिवस हे चाललं. तोळाभरसुद्धा माल नव्हता, पण निम्मा मी निवडलेला होता आणि निम्मा तिनं. आता उंबऱ्यात उभा राहून ते आठवताना मला त्या सकाळी डोळ्यांपुढं येतात, आणि लाज वाटते ती याची की मी तेव्हा सुखी होतो. मी शाळेतून यायचो तर ती चुलीशी असायची आणि बाटल्या कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या. मी विचारायचो, किती झाले? ती म्हणायची, चाळीस. म्हणायची, आज बावन. आमच्यात इतकं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं. एकदा तिनं विचारलं, नागपूरले गेलो तर तिथं चूल असते का शेगडी? मी म्हटलं, शेगडी. ती बराच वेळ हसत होती. मग मी त्या बाटल्या कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून, मलकापुरापर्यंत कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीनं स्वतः नेल्या आणि रेल्वेच्या टपालात दिल्या. एक खडा घरी ठेवला नाही. प्रोफेसरांना कण न् कण हवा होता.

फाल्गुनात पत्र आलं. चार ओळींचं. दोन्ही बाटल्यांतला माल पाण्यात विरघळवून प्रकाशाच्या यंत्रात पाहिला. एकीनं प्रकाश डावीकडे वळायला हवा होता, दुसरीनं उजवीकडे. एकीनंही वळला नाही. दोन्ही सारख्याच निष्क्रिय. 'तुमच्या चिकाटीचं कौतुक वाटतं, पण डोळ्यांना दिसलेला पैलू हा बहुधा भास असावा.' भास! जो पैलू मी अकरा सकाळी पाहिला, तो भास. त्यांना दोष कसा देऊ, यंत्राला जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. जागेबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. मी ते पत्र घेऊन घरी आलो. कोकिळा दाराशी आली, माझ्या तोंडाकडे पाहून तिनं तांब्या पुढं केला. आणि मी बोललो. कुणाला तरी बोलल्याशिवाय मला राहवलं नाही आणि समोर तीच होती. मी म्हणालो, "तुह्या हातालेच यश नाही." एवढंच बोललो. आमच्याकडे हे वाक्य दूध नासलं तरी म्हणतात, पापड करपला तरी म्हणतात. पण तिनं चटकन डावा हात पदराखाली घेतला. हे मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि माझ्या ध्यानात काही आलं नव्हतं.

अशा किती गोष्टी पाहिल्या होत्या मी. लग्नात एकमेकांना घास भरवायच्या वेळी तिचा हात मध्येच अडखळला, तेव्हा तिच्या मावशीनं, सोजराबाईनं, तिचं मनगट धरून दुसराच हात पुढं केला आणि बाया हसल्या. मला वाटलं, लाजली. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या नेहमी आधी पिचतात, उजव्या हातातल्या वर्षवर्ष टिकतात. त्याच डाव्या हाताच्या पाठीवर डागल्याची जुनी खूण आहे, बोटभर. लहानपणी चटका बसला होता, असं ती म्हणाली होती. चुलीचा चटका हाताच्या पाठीवर इतका सरळ रेघेत कसा बसेल, हे विज्ञानाच्या मास्तरानं विचारायला नको होतं? मोहरीच्या दाण्याहून बारीक पैलू कुठल्या अंगाला आहे ते मला दिसत होतं. घरातलं माणूस कुठल्या हाताचं आहे ते सात वर्षांत दिसलं नाही. थू असल्या डोळ्यांवर.

मी पुन्हा करून पाहिलं नाही असं समजू नका. पत्रानंतर आठ दिवसांत नवी पानं आणली, रस काढला, आटवला, बशीत ठेवला. खडे पडले, पण दुसरेच. चपटे, पापुद्र्यासारखे, कुठं पैलू नाही. दोन्ही जाती एकाच खड्यात हातात हात घालून बसलेल्या, कुणी अलग करायचंच नाही अशा. मला वाटलं, थंडी ओसरली म्हणून असेल. विहिरीत बशी सोडली. तेच. शेजारच्या नारायणरावांच्या तळघरात ठेवली. तेच. उंद्रीला शेतातल्या गुरांच्या कोठ्यात जाऊन, नव्या भांड्यात, नव्या पाण्यात केलं. तिथंही तेच. तेव्हा कोकिळा चुलीपुढून सहज बोलली की विरजण बदललं असन. एकदा घरात आंबट विरजण शिरलं की मडकं घासा नाहीतर फोडा, दही आंबटच लागते. मी तिला गप्प बसवलं. दह्याचं आणि स्फटिकांचं काय नातं? पण प्रोफेसरांना विचारलं तेव्हा त्यांनी तेच लिहिलं, फक्त इंग्रजीत. नव्या घडणीचा एक कण, डोळ्यांना न दिसणारा, एकदा हवेत आला की पुढचा प्रत्येक खडा त्याच घडणीचा पडतो. जुनी घडण मग त्या जागी पुन्हा सापडत नाही, कधी कधी कुठंच सापडत नाही. तो कण आता माझ्या भिंतींत होता, सदऱ्यात होता, केसांत होता. मी जिथं जाईन तिथं तो माझ्याबरोबर येणार होता. म्हणजे त्या पौषातल्या अकरा दिवसांत पडले तेवढेच. त्यातला शेवटचा कण नागपूरच्या मोरीतून वाहून गेला.

आणि आज उकंडराव मेले म्हणून मला कळलं की तो भास नव्हता.

हिशेब सोपा आहे, दहावीचं पोरगं करील. माझा उजवा लाल दोऱ्याच्या बाटलीत. तिचा डावा लाल दोऱ्याच्या बाटलीत. निम्मे आणि निम्मे. माझ्या खड्यांनी प्रकाश जेवढा एका बाजूला वळवला, तेवढाच तिच्या खड्यांनी दुसऱ्या बाजूला ओढला. बाकी शून्य. मी एकट्यानं निवडले असते तर साधलं असतं. आणि खरी गंमत, गंमतच म्हणायची, ती पुढं आहे: तिनं एकटीनं निवडले असते तरी साधलं असतं. लाल दोरा दुसऱ्या जातीच्या बाटलीला लागला असता, एवढंच. यंत्रानं ते लगेच सांगितलं असतं आणि आम्ही नागपूरला जाऊन हसलो असतो. तिची चूक नव्हती. माझीही निवड चुकली नव्हती. आम्ही दोघं बरोबर होतो, आणि दोघांनी मिळून केलं म्हणून सगळं मातीत गेलं. आता हे कुणाला लिहू? साहेब, माझी बायको डाव्या हातानं जेवते, तेव्हा तो पैलू खरा होता, असं? पुरावा काय, तर पिठलं आणि भाकर. मला हसू फुटलं, आणि तो आवाज तिनं ऐकला.

ती वळली. मला पाहिलं. डाव्या हातातला घास तिनं आधी ताटात टाकला, आणि मग मी काही बोलायच्या आत तो उजव्या हातानं उचलला. इतक्या सराईतपणे की मी एक क्षण आधी आलो नसतो तर मला काहीच दिसलं नसतं. मी आत गेलो आणि तिच्यासमोर पाटावर बसलो. ती उठायला लागली, मी तिला बस म्हणालो. मला तिच्यावर रागवायचं नव्हतं, शप्पथ. मला वाटत होतं, सात वर्षांत निदान आज काहीतरी बरं बोलावं. मी म्हणालो, "कोकिळा, डाव्याच हातानं जेव."

तिला तो टोमणा वाटला. तिनं मान खाली घातली आणि हळू आवाजात बोलली, "मले ठाव होतं, एक दिवस तुमाले समजन. त्या खड्यांले म्या याच हातानं चिमटा लावला जी. घरात कोणी नसलं की हाच हात पुढं येते. त्याच्यानंच नासलं ना ते? तुमी म्हणले तवाच मले समजलं होतं."

दोन महिने ती हे मनात घेऊन भाकरी थापत होती. मी सांगायला गेलो की हाताचा विटाळ-बिटाळ काही नसतो, चिमटा कुठल्या हातानं धरला यानं खड्याला काही होत नाही. आणि पुढचं वाक्य काय बोलणार होतो मी? की तुझ्या हातामुळे ते नासलं नाही? पण नासलं होतं ते तिच्या हातामुळेच. डाव्या हाताबद्दल तिच्या माहेरचा जो समज आणि माझं जे शास्त्र, ते दोघं वेगवेगळ्या वाटांनी येऊन या एकाच बाईच्या एकाच हातावर उभे राहिले होते. मी खरं सांगितलं तरी तिला तेच ऐकू जाणार होतं. तरी मी म्हटलं, "चूक माह्या सांगण्यात होती. जेवता हात म्हणलो ना मी तुले." तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट, समजून घेण्याचा प्रयत्न करत. मग समजूत घातल्यासारखी बारीक हसली. नवऱ्यानं आपल्यासाठी खोटं बोलावं इतकी आपली चूक मोठी आहे, असंच तिच्या डोळ्यांत मला दिसलं.

"पुन्हा नाई होणार," ती म्हणाली.

मी म्हटलं, जेव. अन्न थंड होते. तिनं डावा हात पदरात गुंडाळला आणि उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला घेतला. भाकर कडेला वातड झाली होती, तिला त्या हातानं नीट मोडेना. पिठलं बोटांवरून ओघळून ताटाबाहेर पडलं, ते तिनं पुसलं. मी समोर बसलो होतो म्हणून ती तशी जेवत होती. मी उठून ओसरीवर गेलो असतो तर तिचं जेवण सुखानं झालं असतं, हे मला कळत होतं. पण मी उठलो नाही.